शंकेचा निकाल : भयपटांचे दुसरे भाग आणि रसिकांचा अपेक्षाभंग

१. प्रास्ताविक

बी.ए.च्या वर्गात रसविचार शिकविताना भयानक रसाचे उदाहरण म्हणून मी एकदा 'भूल भुलैया' (२००७) या हिंदी चित्रपटाचा उल्लेख केला. त्या चित्रपटात भूत नाही, एका तरुण स्त्रीचा मानसिक आजार आहे, एवढे सांगून मी पुढे जाणार तोच मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, पण मंजुलिका खरीच होती. दुसऱ्या भागात दाखवलंय." वर्गातील बऱ्याच मुलांनी माना डोलावल्या. या मुलांचा जन्मच पहिल्या चित्रपटाच्या आगेमागे झालेला. त्यांनी दुसरा भाग (२०२२) आधी पाहिला होता आणि पहिला नंतर, तोही मोबाईलवर तुकड्यातुकड्यांनी. दुसऱ्या भागात जर मंजुलिकेचे भूत आहे, तर पहिल्या भागात ते नव्हते कसे, हा त्यांचा प्रश्न तर्काला सोडून नव्हता.

त्या दिवशी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

यशस्वी भयपटाचा दुसरा भाग, ज्याला आपण सिक्वेल म्हणतो, तो पहिल्याच्या चाहत्यांना बहुधा निराश करतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. याची कारणे सांगताना निर्मात्यांचा लोभ, दिग्दर्शकाचा बदल, घाईगर्दीत लिहिलेली पटकथा अशी यादी दिली जाते. ही कारणे खोटी नाहीत. परंतु ती अपुरी आहेत. लोभ हा विनोदी चित्रपटांच्या आणि मारधाडपटांच्या मागेही असतो. दिग्दर्शकाच्या बदलाचे म्हणावे, तर 'चंद्रमुखी' (२००५) आणि 'चंद्रमुखी २' (२०२३) हे दोन्ही तमिळ चित्रपट पी. वासू यांचेच आहेत; 'भूत' (२००३) आणि 'भूत रिटर्न्स' (२०१२) हे दोन्ही रामगोपाल वर्मा यांचेच. तेव्हा कारण आणखी खोलवर, खुद्द भयाच्या स्वरूपात शोधावे लागेल.

२. गुमान आणि यकीन

भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा आणि अद्भुताचा विस्मय असे सांगितले आहे. हे तीन रस शेजारी शेजारी राहतात आणि त्यामुळे त्यांची सरमिसळ सहज होते. पडद्यावर रक्त दिसले की आपण त्यास भयपट म्हणतो, राक्षस दिसला तरी भयपटच म्हणतो. वास्तविक रक्ताने किळस येते आणि राक्षसाने बहुतेक वेळा नवल वाटते. भय या दोहोंहून वेगळे आहे. ते दिसण्याच्या आधी असते.

त्झ्वेतान तोदोरोव या समीक्षकाने १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा साहित्याचे मर्म संशयात आहे, असे प्रतिपादन केले. घडते आहे ते निसर्गनियमांनी उलगडणारे आहे की त्यांच्यापलीकडचे आहे, याविषयी वाचक जोवर निर्णय घेऊ शकत नाही, तोवरच तो प्रकार आपल्या रूपात टिकतो. निर्णय झाला की तो एकीकडे उलगडलेले रहस्य होतो किंवा दुसरीकडे उघड अद्भुतकथा होतो.

हाच विचार मांडण्यासाठी उर्दूत दोन शब्द तयार आहेत : गुमान आणि यकीन. गुमान म्हणजे मनात उठलेली शंका, अंदाज. यकीन म्हणजे पक्की खात्री. माडीवर कोणीतरी चालत असल्याचा गुमान माणसाला रात्रभर जागे ठेवतो. चोर आहे असे यकीन झाले तर तो काठी शोधतो, मांजर आहे असे यकीन झाले तर झोपी जातो. दोन्ही बाजूंचे यकीन भयाला संपविते. भयपटाच्या रसिकाने पहिल्या चित्रपटावर जे प्रेम केलेले असते ते या गुमानावर, हे त्याला स्वतःलाही नेहमी उमगलेले नसते. तो म्हणतो, मला ते भूत आवडले. म्हणून निर्माता त्याला पुन्हा भूत आणून देतो. परंतु भूत पुन्हा आले की ते आहे याची खात्री झाली. दुसरा भाग निघाला, एवढ्यानेच पहिल्या भागातील शंकेचा निकाल लागतो.

३. एक कुलूप, अनेक किल्ल्या

या विधानाची तपासणी करण्यासाठी 'भूल भुलैया'चे घराणे अतिशय सोयीचे आहे. त्याचे मूळ फाझिल दिग्दर्शित 'मणिचित्रताळु' (१९९३) या मल्याळम चित्रपटात आहे. कथा-पटकथा मधु मुट्टम यांची. शीर्षकाचा अर्थ नक्षीदार कुलूप. पुढे याच कथेवरून कन्नडमध्ये 'आप्तमित्र' (२००४), तमिळमध्ये 'चंद्रमुखी' (२००५) आणि हिंदीत प्रियदर्शन यांचा 'भूल भुलैया' (२००७) हे चित्रपट निघाले. बेळगाव परिसरातील विद्यार्थ्यांनी यांपैकी कन्नड आणि हिंदी रूपे पाहिलेली असतात, हैदराबादकडील मुलांनी तमिळवरून तेलुगूत आणलेले रूप पाहिलेले असते. तेव्हा हा विषय आपल्या वर्गांना परका नाही.

मूळ कथा अशी : नकुलन आणि गंगा हे जोडपे नकुलनच्या वडिलोपार्जित वाड्यात राहावयास येते. वाड्याच्या एका बंद खोलीत नागवल्ली नावाच्या तंजावरच्या नर्तकीचा आत्मा कोंडलेला आहे, अशी घरात समजूत आहे. पूर्वीच्या कारभाऱ्याने तिची हत्या केली होती. कुलूप उघडले जाते, वाड्यात विचित्र प्रकार सुरू होतात आणि नकुलनचा मित्र, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सनी, त्यांचा छडा लावण्यास येतो. संशय घरातल्या दुसऱ्याच एका मुलीवर असतो. प्रत्यक्षात आजारी आहे ती गंगा. आईवडिलांपासून दूर, आजीजवळ एकाकी गेलेले बालपण, त्या काळी ऐकलेल्या गोष्टी आणि नागवल्लीच्या कहाणीविषयी वाटलेली पराकोटीची कणव यांतून तिच्या मनात दुसरे व्यक्तिमत्त्व उभे राहिले आहे. हिंदीत गंगाची अवनी झाली, नागवल्लीची बंगाली नर्तकी मंजुलिका झाली आणि डॉ. सनीचा डॉ. आदित्य श्रीवास्तव.

या चित्रपटाची थोरवी कशात आहे? शोभना यांना गंगाच्या भूमिकेसाठी अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, विद्या बालन यांच्या अवनीची आजही आठवण काढली जाते, हे खरे. पण त्या अभिनयाला ज्या रचनेने जागा करून दिली ती रचना पाहावी. खरेदीसाठी बाहेर जाण्याच्या साध्या बोलण्यात नवरा नकार देतो आणि समोरच्या ओळखीच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू पालटत जातो. ती जड पलंग उचलते. प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो तो पलंगामुळे नव्हे. ही कोण आहे, याचे उत्तर त्या क्षणी त्याच्याजवळ नसते म्हणून येतो. डॉक्टरांनी निदान सांगितल्यानंतरही ते भय पूर्ण निवत नाही, कारण भूत नसल्याचे कळले तरी माणसाच्या मनात एवढे काही दडून असू शकते ही नवी शंका प्रेक्षक आपल्याबरोबर घरी नेतो. वाड्याची शंका मिटते आणि मनाविषयीची उघडते. म्हणून उलगडा झाल्यावरही हा चित्रपट पुन्हा पाहावासा वाटतो.

यातील नृत्यगीताची योजनाही याच दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. हिंदी रूपात अवनीच्या मनात राजाचा दरबार भरलेला आहे, दागिने आहेत, प्रियकर नर्तक आहे. घरच्यांना मात्र विस्कटलेल्या केसांची एक बाई एकटीच नाचताना दिसते. कॅमेरा या दोहोंमध्ये ये-जा करतो. त्या ये-जा करण्यातच तिचा आजार सांगितला आहे. संवादांतून जे निदान नंतर येते ते प्रेक्षकाच्या डोळ्यांना आधीच कळलेले असते.

४. दुसऱ्या भागाने काय केले?

अनीस बाज़मी दिग्दर्शित 'भूल भुलैया २' (२०२२) मध्ये वाडा आहे, बंद खोली आहे, मंजुलिका हे नाव आहे आणि तेच गीतही आहे. अंजुलिका आणि मंजुलिका या जुळ्या बहिणींची ही कथा आहे. तब्बू यांनी दोन्ही भूमिका ताकदीने केल्या आहेत. खोलीत कोंडलेला आत्मा नेमका कोणाचा, हे येथील रहस्य आहे. म्हणजे आत्मा आहे की नाही, हा प्रश्न विचारलाच जात नाही. आत्मा आहे हे गृहीत धरून केवळ त्याची ओळख पटवावयाची आहे. 'भूल भुलैया ३' (२०२४) मध्ये विद्या बालन परत आल्या, सोबत माधुरी दीक्षित आल्या, पण रहस्याची जात तीच राहिली : मंजुलिका कोण?

पहिल्या चित्रपटाचा प्रश्न 'आहे का?' असा होता. पुढच्या भागांचा प्रश्न 'कोण आहे?' असा झाला. पहिला प्रश्न गुमानाचा आहे, दुसरा यकीनानंतरचा. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नातून उत्सुकता निर्माण होते, कोडे सोडविल्याचा आनंदही मिळतो. भय मिळत नाही. म्हणून या भागांना विनोदाचा आधार घ्यावा लागला. पहिल्या चित्रपटातही विनोद भरपूर होता, परंतु तेथे तो प्रेक्षकाला बेसावध ठेवण्याचे काम करीत होता. पुढच्या भागांत विनोद हेच मुख्य भोजन झाले आणि भूत तोंडी लावण्यापुरते उरले.

गीताचे काय झाले तेही पाहावे. तीच चाल, तेच बंगाली शब्द; परंतु नर्तकीच्या मनात एक आणि बाहेर एक असे आता काही राहिलेले नाही. आजार सांगणारे गीत आता सादरीकरणाचे गीत झाले. ते कितीही देखणे असले तरी पहिल्याची आठवण करून देण्यापलीकडे ते जात नाही.

हे सर्व केवळ हिंदीत घडले असे नाही. 'आप्तमित्र'चा पुढचा भाग 'आप्तरक्षक' (२०१०) हा अभिनेते विष्णुवर्धन यांचा अखेरचा चित्रपट. तो त्यांच्या निधनानंतर प्रदर्शित झाला आणि कन्नड प्रेक्षकांनी त्याला मोठ्या प्रेमाने दाद दिली. त्यात नागवल्लीचे चित्र एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि अनर्थ घडवीत राहते. पहिल्या चित्रपटात एका स्त्रीच्या मनात असलेली नागवल्ली येथे भिंतीवर टांगता येणारी वस्तू झाली. 'चंद्रमुखी २' मध्येही वाड्यातील आत्मे खरेच मानले गेले आहेत. तीन भाषांतील हे पुढचे भाग वेगवेगळ्या वाटांनी निघून एकाच ठिकाणी पोहोचले, याचा अर्थ ही एखाद्या व्यक्तीची चूक नसून दुसऱ्या भागाच्या रचनेतच असलेली अडचण आहे.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, हे दुसरे भाग तिकीटबारीवर जोरात चालले, मग निराशा कोणाची झाली? आक्षेप रास्त आहे. 'भूल भुलैया २' आणि '३' यांनी अमाप धंदा केला. चित्रपटगृहात हसत बाहेर पडणारा प्रेक्षक फसवला गेला, असे म्हणण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. परंतु पहिल्या चित्रपटाचे चाहते दोन प्रकारचे होते. ज्यांना त्यातील गंमतजंमत आवडली होती त्यांना पुढच्या भागांत हवे ते मिळाले. ज्यांनी अवनीसाठी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला होता त्यांच्या हाती मंजुलिका आली, अवनी नाही. निराशा या दुसऱ्या गटाची आहे.

उलट बाजूने केलेला एक प्रयोगही नोंदवावयास हवा. प्रियदर्शन यांच्या 'गीतांजली' (२०१३) या मल्याळम चित्रपटात मोहनलाल यांचा डॉ. सनी परत आला. येथे भुताऐवजी डॉक्टर परत आणला होता, तरीही मूळ चित्रपटाची उंची गाठता आली नाही. रसिकांचे प्रेम डॉक्टरवर होते असा समज त्यामागे असावा. त्यांचा जीव रुग्णात गुंतला होता.

५. इतर भाषांतील दाखले

भारतीय उदाहरणावरून काढलेला निष्कर्ष इतरत्र टिकतो काय, हे पाहणे आवश्यक आहे. जॉन कारपेंटर यांच्या 'हॅलोविन' (१९७८) या अमेरिकी चित्रपटातील मुखवटा घातलेला मायकेल मायर्स एका साध्या गावातील मुलींच्या मागे का लागतो, याचे कारण कोठेही दिलेले नाही. शेवटी गोळ्या खाऊन तो माडीवरून खाली पडतो आणि पाहतात तो तेथे देह नसतो. रिकामी जागा, एवढाच शेवट. १९८१ च्या दुसऱ्या भागात, ज्याच्या लेखनात स्वतः कारपेंटर होते, असे उघड होते की नायिका लॉरी ही मायकेलची बहीण आहे. कारण मिळाले आणि भय गेले. कोणाच्याही दारात येऊ शकणारे संकट एका कुटुंबाची खासगी भानगड झाली. प्रेक्षक मनात म्हणाला, मी काही त्याचा भाऊबंद नाही. मला धोका नाही. पुढे २०१८ साली जेव्हा याच मालिकेचा नवा चित्रपट निघाला, तेव्हा त्याने हे भावाबहिणीचे नाते सरळ पुसून टाकले. एका स्पष्टीकरणाची दुरुस्ती करण्यास ३७ वर्षे लागली.

जपानमध्ये हीच गोष्ट एका दिवसात घडली. कोजी सुझुकी यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेले 'रिंगु' आणि त्याचा पुढचा भाग 'रासेन' हे दोन्ही चित्रपट १९९८ च्या जानेवारीत एकाच वेळी प्रदर्शित झाले. 'रिंगु'त एक शापित व्हिडिओ कॅसेट आहे, ती पाहणारा सात दिवसांनी मरतो. 'रासेन'ने त्या शापाला विषाणू आणि वैद्यकशास्त्राच्या भाषेत समजावून दिले. 'रिंगु' जगभर गाजला, 'रासेन'कडे लोकांनी पाठ फिरवली. निर्मात्यांनी 'रासेन' जणू झालाच नाही असे मानून १९९९ मध्ये 'रिंगु २' हा वेगळा उत्तरभाग काढला. येथे कंटाळा, जाहिरातबाजी किंवा वर्षानुवर्षे फुगलेली अपेक्षा यांपैकी कोणतेही कारण लागू पडत नाही. दोन्ही चित्रपट एकाच आठवड्यात पाहता येत होते. फरक होता तो एकाने शंका ठेवली आणि दुसऱ्याने तिचा निकाल लावला, हा.

'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) मध्ये आजारी मुलीच्या डॉक्टरी तपासण्या दीर्घकाळ चालतात. तिची आई आणि स्वतःच्या श्रद्धेविषयी साशंक झालेला एक पाद्री यांच्या अनिश्चिततेवर चित्रपटाचा पूर्वार्ध उभा आहे. जॉन बूरमन यांच्या १९७७ च्या दुसऱ्या भागात सैतानाला नाव, इतिहास आणि आफ्रिकेतील पूर्वपीठिका मिळाली. माहिती वाढली, भीती ओसरली.

ज्यांना स्पष्टीकरण द्यावयाचे नसते ते दुसरा मार्ग धरतात, तो संख्येचा. पहिल्या भागात दोन मृत्यू असतील तर दुसऱ्यात दहा. नाट्यशास्त्राने भयानकाचा उगम बीभत्सात सांगितला आहे. भयपटांच्या मालिका हा प्रवास उलटा करतात. भयानकापासून निघून बीभत्सात जाऊन थांबतात. तिसरा मार्ग केवळ नाव घेण्याचा. 'राज' (२००२) या हिंदी चित्रपटाच्या नावाखाली पुढे जे भाग आले, त्यांच्या कथा एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. पाटी तीच, दुकानातला माल वेगळा.

६. मग दास्तान का टिकली?

उर्दूच्या अध्यापकापुढे येथे एक अडचण उभी राहते. आपल्याकडील दास्तान ही तर भागांमागून भागांचीच परंपरा आहे. दास्तान-ए-अमीर हमज़ा लखनौच्या नवल किशोर छापखान्याने छापली ती ४६ खंडांत. त्यातील 'तिलिस्म-ए-होशरुबा' मुहम्मद हुसेन जाह आणि त्यांच्यानंतर अहमद हुसेन क़मर यांनी लिहिली. लेखक बदलला तरी श्रोता आणि वाचक टिकला. तेथे जादूगार आहेत, पिशाच्चे आहेत, मायावी नगरे आहेत. मग दुसऱ्या भागाचा शाप दास्तानला का लागला नाही?

उत्तर रसभेदात आहे. रज़्म, बज़्म, तिलिस्म आणि अय्यारी ही दास्तानची चार अंगे मानली जातात. यांत खौफ हे स्वतंत्र अंग नाही. तिलिस्माचा परिणाम तहय्युर हा आहे, म्हणजे अद्भुताचा विस्मय. विस्मयाला पुढचा भाग मारक ठरत नाही. एका तिलिस्मानंतर दुसरे अधिक अजब तिलिस्म आले तर आनंद वाढतोच. जादू खरी आहे, हा करार पहिल्या वाक्यातच झालेला असतो; तेथे लागावयाचा निकालच शिल्लक नसतो. शम्सुर्रहमान फ़ारुक़ी (निधन २०२०) यांनी दास्तानला कादंबरीच्या मापाने मोजू नये, असा आग्रह आयुष्यभर धरला. त्याच न्यायाने भयपटाला दास्तानच्या मापाने लांबवू नये, असे म्हणता येईल.

मराठीतही नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या 'समर्थ' कथा मालिकेच्या रूपाने वाचल्या गेल्या. तेथे परत येतात ते समर्थ, अमंगळाचा सामना करणारे. अमंगळ दर वेळी नवे असते, म्हणून शंकाही नवी राहते. वाचक समर्थांकडे अभयासाठी येतो. चित्रपट-मालिकांनी नेमके उलटे केले. त्यांनी पीडित माणसाला घरी पाठवले आणि भुताला कायम नोकरीवर ठेवले.

७. अपवाद काय सांगतात?

दुसरा भाग सरस ठरल्याचे दाखलेही आहेत. जेम्स व्हेल यांचा 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५) हा त्यांच्याच १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'पेक्षा अनेक समीक्षकांना श्रेष्ठ वाटतो. त्यात राक्षस काय करील, ही शंका मागे पडते आणि त्याला सोबत मिळेल का, ही व्यथा पुढे येते. 'एलियन' (१९७९) मध्ये अंतराळयानात एकच न दिसणारा जीव होता; जेम्स कॅमेरॉन यांनी 'एलियन्स' (१९८६) मध्ये तो जीव आहे हे मान्य करून सरळ युद्धपट रचला. रसिक निराश झाले नाहीत, कारण त्यांना जुने भय परत देण्याचे आश्वासनच दिलेले नव्हते.

म्हणजे दुसरा भाग निघूच नये, असा नियम येथून निघत नाही. शंकेचा निकाल लागल्याचे प्रामाणिकपणे मान्य करून जो नवा प्रश्न विचारतो, तो उत्तरभाग उभा राहतो. 'मणिचित्रताळु'च्या घराण्यालाही असा प्रश्न उपलब्ध होता. गंगा बरी झाली, पुढे काय? जिने एकदा आपल्याच हातून नवऱ्याचा जीव जाता जाता राहिल्याचे ऐकले, ती त्या घरात कशी राहते? शेजारपाजार तिच्याकडे कसे पाहतो? पहिल्यांदा तिला जोराचा राग येतो तेव्हा नवऱ्याच्या मनात काय येते? यात भय आहे आणि ते कोणत्याही बंद खोलीपेक्षा मोठे आहे. हा दुसरा भाग तीस वर्षांत कोणी काढला नाही.

८. समारोप

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत येतो. तिचे वाक्य केवळ चित्रपटाविषयी असते तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या भागाने लावलेला निकाल मागे जाऊन पहिल्या भागालाही लागू झाला, हे त्या वाक्यातून दिसले. १९९३ आणि २००७ मध्ये लोकप्रिय चित्रपटाने एक अवघड गोष्ट साधली होती. अंगात आल्यासारखी वागणारी स्त्री रुग्ण असू शकते, तिला मार, धुरी आणि साखळी यांची नव्हे तर उपचारांची आणि घरच्यांच्या धीराची गरज आहे, हे त्याने उपदेश न करता लाखो लोकांना पटविले. त्यातील उपचारपद्धती वैद्यकाच्या पुस्तकाप्रमाणे अचूक आहे असे नाही. डॉक्टर तेथे मांत्रिकाचीही मदत घेतो. हिंदीत विक्रम गोखले यांनी ती आचार्यांची भूमिका केली आहे. पण तो आचार्य डॉक्टरच्या योजनेत सामील होतो आणि सारा विधी रुग्णाच्या मनाच्या समाधानासाठी रचलेला आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

या मुद्द्याचे गांभीर्य आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, जेथे बरे होण्याच्या आशेने दूरदूरहून मनोरुग्णांना आणले जाई, एका खासगी निवासात आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही; २८ जण मृत्युमुखी पडले. कोणत्याही स्वरूपात रुग्णाला साखळीने बांधण्यास मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मनाई केली. कायदा झाला, परंतु 'हिला काहीतरी लागलंय' हे वाक्य अजून सर्व धर्मांच्या घरांत ऐकू येते. ज्या घरात ते उच्चारले जाते, तेथे यकीन फार लवकर झालेले असते. शंकेला जागा राहिली असती तर कदाचित कोणी डॉक्टरकडे गेले असते.

विनोदी भूतपट पाहणाऱ्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. अध्यापक म्हणून आपल्या हातात एक छोटे काम आहे. पदवीच्या वर्गात पहिला आणि दुसरा भाग क्रमाने, प्रदर्शनाच्या सालांसह दाखवावा, आणि एकच प्रश्न लिहावयास द्यावा : या चित्रपटात कोणाची भीती वाटली आणि कोणाची काळजी? मी हा प्रयोग नंतर केला. त्या विद्यार्थिनीने तीन पाने लिहिली. मंजुलिका खरी होती की नाही, यावर तिने त्यात काहीच लिहिले नव्हते. अवनीला लहानपणी कोणी विचारले असते तर, एवढाच तिचा विषय होता.